आधीं डबा, मग यंत्र : जुन्या निगेटिव्हांसाठीं स्कॅनर कसा निवडावा

कुलवृत्तांताचें जाडजूड पुस्तक पुष्कळ घरांतून कपाटाच्या वरच्या फळीवर असतें. त्यांत पणजोबांचें नांव सांपडतें, त्यांनीं नोकरी कोठें केली हें सांपडतें, पणजीचें माहेर कोणतें हेंही एका ओळींत सांपडतें. परंतु ती दिसत कशी होती, हें मात्र सांपडत नाहीं. तें उत्तर बहुधा त्याच कपाटाच्या खालच्या खणांत, बिस्किटांच्या एखाद्या पत्र्याच्या डब्यांत, काळपट फिल्मच्या तुकड्यांच्या रूपानें पडलेलें असतें. दिवाळीच्या झाडलोटींत तो डबा एकदां बाहेर निघतो, कोणीतरी एक तुकडा उजेडाकडे धरून 'हे कोण बरें?' असें विचारतो, आणि डबा पुन्हां खणांत जातो.

असा एक डबा आमच्याही घरीं आहे. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें व पुण्यांत नदीकांठच्या वस्तींत पाणी शिरलें, त्या दिवशीं आमच्या घरांतील फोटोंचे सर्व अल्बम वाहून गेले. निगेटिव्ह तेवढ्या वांचल्या; कारण फोटो काढण्याचा नाद असलेले आमचे धाकटे आजोबा त्या वेळीं साताऱ्यास नोकरीला होते व डबा त्यांच्या बिऱ्हाडीं होता. आमच्या आजी पुरापूर्वींच वारल्या होत्या. त्यांचा म्हणून सांगितला जाणारा चेहरा आम्हीं लहानपणापासून पाहिला तो काळ्याच्या जागीं पांढरा व पांढऱ्याच्या जागीं काळा असाच. त्यांना नीट ओळखणाऱ्या आतां घरांत एकच व्यक्ति उरल्या आहेत : आमच्या थोरल्या आत्या. त्यांचें वय एकोणनव्वद आहे, आणि काचबिंदूमुळें त्यांची दृष्टि दरसाल मंद होत आहे. तेव्हां हें काम 'पुढें कधींतरी' करावयाचें नव्हतें.

घरांत सभा भरली. थोरल्या बंधूंचें म्हणणें, शहरांतील एखाद्या दुकानांत निगेटिव्ह देऊन मोकळें व्हावें. पुतण्या एंजिनिअर, त्यानें असा ठराव मांडला कीं, ज्या यंत्राच्या पेटीवर सर्वांत मोठा आंकडा छापलेला असेल तें विकत घ्यावें. आम्हीं दोघांचेंही ऐकलें आणि दोन्ही वेळां फसलों.

दुकानांत दिलेल्या सत्तर निगेटिव्हांच्या फायली आठ दिवसांत मिळाल्या खऱ्या. परंतु त्या इतक्या लहान होत्या कीं पोस्टकार्डाहून मोठी प्रत काढतां येईना. कांहीं चित्रें उलट बाजूनें घेतलेलीं असल्यामुळें त्यांतील दुकानांच्या पाट्या आरशांत पाहून वाचाव्या लागल्या. आजींचें चित्र त्यांत होतें, पण एवढ्या लहान आकारांत आत्यांना कांहीं दिसेना. सर्वांत मोठें नुकसान मात्र निराळेंच होतें. धाकट्या आजोबांनीं प्रत्येक पट्टी कागदी पाकिटांत घालून त्यावर शिसपेनीनें गांव व महिना लिहिला होता. तीं पाकिटें जुना कागद म्हणून फेकून देण्यांत आलीं होतीं. पुढें पुतण्याच्या ठरावाप्रमाणें ३५ मिलिमीटर फिल्मचा स्कॅनर घरीं आला. यंत्र वाईट नव्हतें. परंतु आजींची निगेटिव्ह त्यांत घालावयास गेलों तों ती मावेना. बॉक्स कॅमेऱ्याची ती निगेटिव्ह सहा सेंटिमीटर रुंद व नऊ सेंटिमीटर लांब. यंत्राची फट साडेतीन सेंटिमीटर फिल्मसाठीं केलेली. ज्या एका चित्रासाठीं हा सारा खटाटोप, तेवढेंच बाहेर राहिलें.

या दोन चुकांतून आम्हांस जें शिकावयास मिळालें तें एका वाक्यांत सांगतां येईल : आधीं डबा उघडावा, मग यंत्राकडे पाहावें.

डब्याची मोजदाद

एका सुट्टीच्या दिवशीं सकाळीं मेजावर स्वच्छ पांढरा कागद अंथरावा, हात धुऊन कोरडे करावे, फूटपट्टी व वही घ्यावी आणि डब्यांतील माल निवडावयास बसावें. फिल्मला दोन्ही कडांनीं भोकें असून चित्र २४ बाय ३६ मिलिमीटर असेल तर ती ३५ मिलिमीटरची फिल्म. भोकें नसलेली, सुमारें सहा सेंटिमीटर रुंदीची फिल्म बहुधा १२० क्रमांकाची असते. आपल्याकडील घरांतून ही रुंद फिल्म वाटते त्याहून अधिक सांपडते. कारण जुने बॉक्स कॅमेरे तिच्यावरच चालत, आणि मागाहून घरोघरीं आलेला आगफा क्लिक थ्री हा कॅमेराही तिच्यावरच बारा चौकोनी चित्रें काढीत असे. रंगीत निगेटिव्हचा पाया नारिंगी-तपकिरी असतो, कृष्णधवल निगेटिव्हचा करडा. पुठ्ठ्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या पांच सेंटिमीटर चौकटींत बसविलेलें, सरळ रंग दाखविणारें चित्र म्हणजे स्लाइड. एखाद्या घरीं स्टुडिओच्या कांचाही निघतात.

प्रत्येक प्रकार किती, हें वहींत मांडावें. आमच्या डब्यांत रुंद निगेटिव्ह सुमारें ३००, पस्तिशीच्या ६००, व मुंबईच्या काकांनीं काढलेल्या स्लाइड्स ३०० निघाल्या. हें कोष्टक समोर असतें, तर पहिलें यंत्र आम्हीं घेतलेंच नसतें.

छापील आंकडा व खरा आंकडा

आतां यंत्राकडे वळूं. पेटीवर इंचास ६४०० किंवा ७२०० ठिपके असा आंकडा ठळक छापलेला असतो. यंत्र किती ठिपके मोजतें, एवढेंच तो आंकडा सांगतो. त्यांपैकीं किती ठिपक्यांत खरोखर निराळा तपशील आहे, हें सांगत नाहीं. तें भिंगाच्या प्रतीवर, यंत्राच्या स्थिरतेवर व फोकस किती नेमका आहे यावर अवलंबून असतें. बारीक रेघांचा चाचणी-तक्ता घालून पाहणाऱ्या परीक्षकांस काय आढळलें तें पाहावें. एपसनच्या परफेक्शन व्ही ६०० वर ६४०० छापलेलें आहे. प्रत्यक्ष तपशील त्याच्या चौथाईच्या आसपास. त्याच कंपनीच्या व्ही ८५० पासून सुमारें २३०० ते २६०० मिळतात. प्लस्टेकच्या ऑप्टिकफिल्म ८२०० आय वर ७२०० हा आंकडा आहे. हातीं येतात त्याच्या निम्म्याच्या जवळपास. उलट निकॉनच्या कूलस्कॅन ५००० वर ४००० एवढाच आंकडा होता, आणि तो जवळजवळ पुरता खरा होता. म्हणजे ७२०० चें यंत्र ४००० च्या यंत्राहून कमी पाहतें, असा प्रकार घडतो!

मग आपणांस किती तपशील हवा? ३५ मिलिमीटरचें चित्र खऱ्या ४००० नें घेतल्यास सुमारें २ कोटी १४ लक्ष ठिपके मिळतात. इंचास ३०० ठिपके या उत्तम छपाईच्या हिशेबानें त्याची १९ बाय साडेबारा इंचांची प्रत निघते. तेंच चित्र खऱ्या २३०० नें घेतलें तर सुमारें ७० लक्ष ठिपके व ११ बाय ७ इंचांची प्रत. भिंतीवर लावावयास ही दुसरी प्रत पुष्कळ घरांस पुरेल. परंतु सहा-नऊची रुंद निगेटिव्ह त्याच २३०० नें घेतली असतां पावणेचार कोटींवर ठिपके मिळतात. निगेटिव्ह जितकी मोठी, तितकें साधें यंत्र चालतें. शिवाय बॉक्स कॅमेऱ्याच्या एकेरी भिंगानें मुळांतच फार बारीक तपशील टिपलेला नसतो. जें फिल्मवर नाहींच, तें कोणतेंही यंत्र निर्माण करूं शकत नाहीं.

दुसरा विचार गडदपणाचा. स्लाइडच्या अगदीं काळ्या भागांतून प्रकाशाचा हजारावा भाग पलीकडे जात असेल, तर त्याची घनता ३ मानतात. दहा हजारावा भाग जात असेल तर ४. निगेटिव्हची घनता सहसा इतकी चढत नाहीं. स्लाइडची मात्र तीनच्या वर जाते. म्हणून ज्यांच्या डब्यांत स्लाइड्स पुष्कळ, त्यांनीं या बाबतींत अधिक चोखंदळ असावें. पेटीवरील घनतेचा आंकडाही उदार हातानेंच छापलेला असतो. खरी परीक्षा अशी कीं, रात्रीं किंवा देवळाच्या गाभाऱ्यांत काढलेली आपली सर्वांत काळोखी स्लाइड बरोबर न्यावी, त्याच यंत्रावर ती घेऊन दाखवा म्हणावें, व सावलींत कांहीं दिसतें कीं नुसती खरखर दिसते, तें पाहावें.

तिसरी गोष्ट धूळ व ओरखडे यांची. चांगल्या यंत्रांत दृश्य प्रकाशाबरोबर अवरक्त किरणांचीही एक फेरी असते. रंगीत फिल्मचे रंग या किरणांस आडवीत नाहींत. धूळ व ओरखडे मात्र आडवितात. त्यामुळें डाग कोठें आहेत याचा नकाशाच यंत्रास मिळतो व तेवढी जागा तें भरून काढतें. शेंकडों रंगीत चित्रें असतील, तर ही सोय महिन्यांचे श्रम वांचविते. परंतु कृष्णधवल निगेटिव्हचें चित्र चांदीच्या कणांचें असतें, आणि चांदी स्वतःच या किरणांस आडविते. तेथें ही युक्ति चालत नाहीं. कोडाक्रोम स्लाइड्सच्या बाबतींतही ती पुष्कळदां फसते. ही फिल्म १९३५ सालीं निघाली व २००९ सालीं बंद झाली; स्लाइडच्या चौकटीवर तिचें नांव बहुधा छापलेलें असतें. कृष्णधवल फिल्मसाठीं रबरी फुंकणी व मऊ कुंचला हींच साधनें. पावसाळी हवेनें बुरशी धरली असेल तर पाण्यानें कधींही पुसूं नये. बुरशीनें पोखरलेलें जिलेटिन पाण्यांत विरघळतें व चित्रच निघून जातें.

यंत्रांच्या जाति

या तीन कसोट्या लावल्या म्हणजे बाजारांतील यंत्रें आपोआप वेगळीं होतात. सपाट कांचेचा स्कॅनर, ज्याच्या झांकणांत फिल्मसाठीं दिवा असतो, तो रुंद निगेटिव्ह, पट्ट्या, स्लाइड्स व कागदी फोटो सर्व घेतो. मिश्र डब्याच्या घरास तोच सोयीचा. फक्त पस्तिशीचा स्कॅनर लहान व पस्तिशीसाठीं अधिक तीक्ष्ण असतो. परंतु स्वस्त प्रकारांत प्रत्येक चित्र हातानें पुढें सरकवावें लागतें. निकॉनचीं कूलस्कॅन यंत्रें आजही जाणते लोक शोधीत असतात. पण तीं बनविणें थांबून दहा वर्षांहून अधिक काळ लोटला आहे, आणि कोनिका मिनोल्टानें तर २००६ सालींच हा धंदा सोडला. अशीं यंत्रें जुन्या बाजारांतच मिळतात. त्यांचे सुटे भाग दुर्मिळ, कांहींची जोडणी नव्या संगणकांस बसत नाहीं, व कंपनीची प्रणाली नव्या संगणकावर चालत नाहीं. व्ह्यूस्कॅनसारखी स्वतंत्र प्रणाली घ्यावी लागते. डोळ्यांदेखत चालवून दाखविल्याखेरीज असें यंत्र घेऊं नये.

चौथी रीत स्कॅनरची नव्हेच. घरांत चांगला डिजिटल कॅमेरा असेल, तर मॅक्रो भिंग, खिळून बसणारी घोडी, समप्रकाशाची पाटी व फिल्म सपाट धरणारी चौकट एवढ्यांवर तिसांचाळीस निगेटिव्ह तासाभरांत टिपून होतात. कॅमेरा व फिल्म अगदीं समांतर हवीं. फिल्मच्या जागीं लहान आरसा ठेवून भिंगाचें प्रतिबिंब चित्राच्या मध्यावर आणलें कीं तें साधतें. मात्र येथें अवरक्त फेरी नसते, आणि रंगीत निगेटिव्हचा नारिंगी पाया काढून रंग सरळ करण्याचें काम आपल्या माथीं येतें. पांचवी रीत ढोलाच्या स्कॅनरची. त्यांत फिल्म द्रव लावून फिरत्या ढोलावर चिकटवितात. हें यंत्र घरीं घेण्याचें नव्हे. एखादें अमूल्य चित्र असल्यास तेवढेंच जाणत्या कारागिराकडे द्यावें.

यंत्र कोणतेंही घ्या, दोन गोष्टींची चौकशी अवश्य करावी. पहिली, फिल्म धरणाऱ्या चौकटींची. वांकडी झालेली जुनी फिल्म सपाट राहिली नाहीं, तर महाग भिंगही वायां जातें. आणि ती कांचेस टेकली तर चित्रावर इंद्रधनुष्यासारखीं वलयें उमटतात. दुसरी, वेळेची. आमच्या १२०० चित्रांस पुसणें, बसविणें व घेणें मिळून प्रत्येकीं पांच मिनिटें धरलीं, तर शंभर तास होतात. रोज एक तास म्हटलें, तरी तीन महिन्यांहून अधिक! म्हणून सर्व चित्रें एकाच बारीकपणानें घेण्याचा हट्ट धरूं नये. आधीं सगळीं झटपट व लहान आकारांत घ्यावीं. मग निवडक शंभर-दोनशें पूर्ण बारीकपणानें, प्रत्येक रंगास १६ बिट ठेवून, टिफ प्रकारच्या फाइलींत घ्यावीं. पस्तिशीची अशी एक फाइल ४००० नें सुमारें १२८ मेगाबाइटची होते. बाराशेंची मिळून दीडशें गिगाबाइटांहून अधिक जागा लागते. आजच्या मानानें ही जागा कांहीं फार नव्हे.

खर्चाविषयीं आमचें मत स्पष्ट आहे. एका डब्यासाठीं एका कुटुंबानें व्यावसायिक यंत्र घेणें सहसा परवडत नाहीं. परंतु असे डबे भावकींत चारपांच असतातच. आम्हीं तीन बिऱ्हाडांनीं वर्गणी काढून व्ही ८५० सारखा सपाट स्कॅनर घेतला. पस्तिशीचा पहिला स्कॅनर पट्ट्यांसाठीं पुतण्याकडे चालू आहे, त्यामुळें तोही अगदींच फुकट गेला नाहीं. काम संपलें कीं यंत्र पुढच्या घरीं जाईल.

मूळ फिल्म टाकूं नये

फायली झाल्या म्हणून डबा रद्दींत घालणारे लोक आम्हीं पाहिले आहेत. असें कृपा करून करूं नये. उद्यां अधिक चांगलें यंत्र निघेल, आणि तेव्हां मूळच हवें असेल. तथापि फिल्म अमर आहे, असेंही समजूं नये. ॲसिटेट फिल्म ऊब व दमटपणा यांनीं कुजूं लागली म्हणजे डब्यांतून शिरक्याचा वास येतो. ती आकसते, वळते, आणि तें उलट फिरवितां येत नाहीं. असा वास आला, तर त्या फिल्मचा क्रमांक पहिला लावावा. १९५१ पूर्वींच्या कांहीं फिल्म नायट्रेटच्या असतात व त्या अतिशय ज्वालाग्राही असतात; तशी शंका आल्यास स्वतः हात न लावतां जाणत्यास दाखवावें. २००३ च्या जानेवारींत पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारांत नायट्रेट फिल्मच्या कोठारास आग लागली व जुन्या मूकपटांच्या आणि प्रभातच्या चित्रपटांच्या मूळ फिल्म भस्मसात झाल्या. सरकारी कोठाराची ही गत, तर आपल्या कपाटाची काय कथा?

फायलींच्याही तीन प्रति ठेवाव्या, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक परगांवीं. हा नियम संगणकाच्या जाणत्यांचा म्हणून सांगतात. आमच्या घरीं तो १९६१ सालींच सिद्ध झाला होता. डबा साताऱ्यास होता म्हणूनच हें सारें लिहितां आलें.

शेवटीं आजींच्या निगेटिव्हविषयीं. नव्या यंत्रावर ती घेतली, चित्र मोठ्या पडद्यावर लावलें आणि आत्यांना खुर्चीवर अगदीं जवळ बसविलें. अंगणांत उन्हांत उभी असलेली, तुळशीवृंदावनावर हात ठेवलेली बाई म्हणजे आमच्या आजी, असें आम्ही सर्वजण आजवर धरून चाललों होतों. आत्यांनीं बराच वेळ पाहिलें व म्हणाल्या, "ही आई नव्हे रे. ही माझी मावशी. आई ती मागें, दाराशीं."

दाराशीं कोणी आहे, हें तोंवर आम्हांपैकीं कोणाच्या लक्षांतच आलें नव्हतें. दुकानाच्या फाइलींत तें दार नुसतें काळें होतें. येथें सावली थोडी उजळतांच उंबरठ्याच्या आंत, खांबाला टेकून उभी असलेली एक ठेंगणी बाई दिसूं लागली. आत्यांनीं मान हलविली. "फोटो काढतांना ती पुढें येतच नसे," एवढेंच त्या बोलल्या. पुतण्यानें लगेच वहींत चित्राच्या क्रमांकापुढें दोघींचीं नांवें, गांव व आत्यांनीं सांगितलेलें साल लिहून घेतलें.

तो काळोख उजळला यंत्रानें. पण तेथें कोण उभें आहे, हें सांगितलें आत्यांनीं. त्या नसत्या तर आम्हीं मावशींची तसबीर मोठ्या भक्तिभावानें आजी म्हणून भिंतीवर लावली असती आणि पुढच्या पिढ्यांनीं तीच आजी मानली असती. म्हणून आमची वाचकांस विनंति अशी कीं, स्कॅनरची निवड सावकाश करा. चार ठिकाणीं चौकशी करा, आपली काळोखी स्लाइड घालून पाहा. परंतु डबा मात्र या रविवारींच उघडा, आणि घरांतील सर्वांत वडील माणसास शेजारीं बसवून वही हातांत घ्या.